चेक इंजिनचा दिवा आणि स्वस्तातला स्कॅनर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये नुसता ‘स्कॅनर लावायचे’ काही शे रुपये वेगळे मोजावे लागतात, हे आता बहुतेक मोटारमालकांना ठाऊक झाले आहे. तेवढ्यात आपलाच स्कॅनर येत असेल तर का घेऊ नये, असा हिशेब करून पुष्कळजण ऑनलाइन बाजारात शिरतात. तिथे ‘सर्व गाड्यांना चालतो, सर्व दोष दाखवतो’ असे लिहिलेल्या शंभर डब्या समोर येतात आणि मग सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत जास्त तारे मिळालेली डबी मागवली जाते. स्कॅनर घरी जरूर असावा. पण तो निवडताना ज्या गोष्टी पाहायच्या, त्या खोक्यावर छापलेल्या नसतात, म्हणून हे पत्र.

आधी गाडी पाहा, यंत्र नंतर. घरगुती स्कॅनर म्हणजे गाडीने नोंदवून ठेवलेले दोषांचे कोड वाचणारा कोड रीडर. तो गाडीशी ज्या पद्धतीने बोलतो ती ओबीडी-२. अमेरिकेत ती १९९६ पासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या (‘स्टेज’ म्हणजे धुरावरच्या सरकारी निकषांची पायरी) मोटारींना १ एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झाले. इथे एक मेख आहे. २०१० मध्ये स्टेज ४ देशभर नव्हते. ते तेरा शहरांत सुरू झाले आणि त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, सोलापूर एवढीच होती. पुढे शहरे वाढत गेली, तरी सगळ्या देशाला ते लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडले. त्यामुळे २०१३ मध्ये पुण्यात नोंदलेली गाडी आणि त्याच वर्षी एखाद्या तालुक्याच्या गावी नोंदलेली स्टेज ३ ची गाडी, दोन्हींना एकच रीडर चालेलच असे नाही. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की तिचे उत्सर्जन मानक दिसते, ते एकदा पाहून घ्यावे. २०२० नंतरच्या स्टेज ६ मोटारींना ही काळजी नाही.

रीडर जोडायचे सोळा पिनांचे सॉकेट दिसले म्हणजे काम झाले, असेही समजू नये. २०१० च्या आधीच्या अनेक गाड्यांत तेच सॉकेट आहे, पण आत कंपनीची स्वतःची पद्धत चालते आणि साधा रीडर ‘जोडणी होत नाही’ एवढेच सांगतो. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ किंवा फ्यूजच्या झाकणाआड असते. हातातली विजेरी घेऊन त्यात डोकावा. रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खाली ९ ते १६ अशा जागा असतात. १६ मध्ये बॅटरीचा थेट प्लस, ४ आणि ५ मध्ये अर्थिंग (मायनस). या तीन जागी धातूची पिन हवीच. ६ आणि तिच्या बरोबर खालची १४ भरलेली असेल तर गाडी ‘कॅन’वर, म्हणजे तिच्या संगणकांना जोडणाऱ्या नव्या पद्धतीच्या दोन तारांवर, बोलते आणि आजचा कुठलाही बरा रीडर तिला चालतो. ६ आणि १४ रिकाम्या आणि ७ भरलेली असेल तर ती के-लाइनची, म्हणजे जुन्या एका तारेच्या पद्धतीची गाडी. अशा गाडीसाठी आयएसओ ९१४१ आणि केडब्ल्यूपी २००० हे दोन प्रोटोकॉल खरोखर चालणारा रीडरच घ्यावा लागतो. अतिस्वस्त डब्यांमध्ये अनेकदा नेमका याच दोघांचा भाग वगळलेला असतो.

आता त्या डब्यांविषयी. बाजारातल्या बहुतेक डोंगलवर, म्हणजे सॉकेटमध्ये खोचून फोनशी जोडायच्या डब्यांवर, ‘ईएलएम ३२७’ लिहिलेले असते. ही मुळात एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या छोट्या कंपनीची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हते. चीनमध्ये तिच्या नकला निघाल्या आणि त्यांच्याही नकला निघाल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, म्हणजे आज त्या नावाने नव्याने मिळणारे जवळपास सगळे डोंगल नकलीच आहेत, आणि प्रश्न फक्त नक्कल किती चांगली एवढाच उरतो. खोक्यावरच्या आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नये. ‘१.५’ नावाची आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती, तरी ती छापलेले डोंगल ढिगाने मिळतात. ‘२.१’ ही आवृत्ती खरी होती, पण तो आकडा छापलेल्या नकलांत बऱ्याचदा अर्ध्या आज्ञा गायब असतात. अशा डोंगलला कॅनवरचे साधे कोड वाचता येतात, पण लांब उत्तर आले की ते अडखळते. चासी क्रमांक अर्धा येतो, एकाच वेळी पाच-सहा कोड असतील तर शेवटचे गळतात, आणि लाइव्ह आकडे सेकंदाला एखाद-दुसरेच बदलतात.

फोनसाठी ‘ईएलएम ३२७ आयडेंटिफायर’सारखी फुकट ॲप आहेत. ती डोंगलला एकेक आज्ञा देऊन कोणती चालते आणि कोणती नाही ते दाखवतात. डोंगल आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी करावी. मग गाडीला लावून चासी क्रमांक वाचावा आणि आरसीवरच्या सतरा अक्षरांशी ताडून पाहावा. काही जुन्या गाड्या तो देतच नाहीत, तो दोष डोंगलचा नव्हे. शेवटी सहा आकडे एकदम पडद्यावर लावून दहा मिनिटे गाडी चालू ठेवावी. जोडणी तुटली किंवा आकडे गोठले तर सरळ परत पाठवावा. साडेतीनशे रुपयांच्या डोंगलमधला एखादा नशिबाने उत्तम निघतोही, पण पुढच्या वेळी त्याच नावाने मागवलेल्यात आत तीच चिप असेल याची हमी कोणी देत नाही.

त्याहून थोडे वर, साधारण दीड ते चार हजारांत, एसटीएन चिपचे किंवा चांगल्या नकलेचे डोंगल मिळतात. एसटीएन ही ईएलएमच्या आज्ञा समजणारी पण वेगळी बनवलेली चिप आहे. तिची मेमरी मोठी आणि वेग जास्त. एकच गाडी असलेल्या, फोन सराईतपणे वापरणाऱ्या घराला माझ्या मते हाच पल्ला योग्य. हजारापेक्षा कमीत घ्यायचे असेल तर स्टेज ६ किंवा निदान कॅनवरची गाडी असावी आणि अपेक्षा कोड वाचण्यापुरत्या ठेवाव्या.

फोन कोणता आहे यावरही निवड ठरते. अँड्रॉइडला साधे ब्लूटूथ चालते. जोडताना पिन (सांकेतिक आकडा) मागितली तर १२३४ किंवा ०००० असते आणि ॲपला जवळची उपकरणे किंवा लोकेशन वापरण्याची परवानगी द्यावी लागते. ती नाकारली की डोंगल दिसतच नाही आणि मग विक्रेत्याला दोष दिला जातो. आयफोनला असे जुने ब्लूटूथ डोंगल चालत नाहीत. त्याला ब्लूटूथ ४ म्हणजे कमी ऊर्जेचा प्रकार किंवा वाय-फायचा डोंगल लागतो. ब्लूटूथ ४ चा डोंगल फोनच्या सेटिंगमधून नव्हे, ॲपमधूनच जोडायचा. वाय-फायच्या डोंगलमध्ये पत्ता बहुधा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असा असतो. त्याला जोडलेले असताना फोनचे इंटरनेट अनेकदा बंद पडते, त्यामुळे कोडचा अर्थ लगेच शोधता येत नाही. जमले तर वाय-फाय टाळावे.

ॲपमध्ये अँड्रॉइडवर ‘टॉर्क’ आणि दोन्ही प्रकारच्या फोनवर ‘कार स्कॅनर’ ही चालतात. फुकट आवृत्तीत कोड वाचता येतात, तेवढ्याने सुरुवात करावी. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, पण फिगो आणि इकोस्पोर्ट अजून रस्त्यावर भरपूर आहेत. त्यांच्यासाठी ‘फोरस्कॅन’ हे ॲप फार कामाचे आहे. त्याला मात्र बरा डोंगल लागतो, कारण फोर्डचे काही भाग ३ आणि ११ या पिनांवरच्या दुसऱ्या कॅनवर असतात आणि साधा डोंगल तिथे पोहोचत नाही. स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांनी ‘व्हीसीडीएस’ किंवा ‘ओबीडीइलेव्हन’ पाहावे. ती महाग आहेत, पण त्या गाड्यांच्या डीलरकडचे एका भेटीचे बिल पाहिले की महाग वाटत नाहीत.

ज्यांना फोन आणि ब्लूटूथची कटकट नको, त्यांनी वायरीने जोडायचा हातातला रीडर घ्यावा. ऑटेल, लाँच, फॉक्सवेल या कंपन्यांचे साधे प्रकार साधारण अडीच ते सहा हजारांत येतात. गाडीतूनच वीज घेतात आणि फोन बदलला तरी चालू राहतात. दोन-तीन गाड्यांच्या घराला किंवा सोसायटीत मिळून घ्यायला हे बरे. मात्र एक छोटा पडदा आणि दोन बटणे एवढेच असलेले, नुसता कोड दाखवून पुसणारे रीडर मिळतात, ते फुकट दिले तरी घेऊ नयेत. रीडरवर तीन गोष्टी हव्यातच: लाइव्ह डेटा (गाडी चालू असतानाचे आकडे), फ्रीझ फ्रेम (दिवा लागला त्या क्षणाचे आकडे) आणि मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, तयार आहेत की नाहीत ते दाखवणारी यादी. पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड आणि मोड ६ ची, म्हणजे त्या चाचण्यांच्या निकालांची, माहिती मिळाली तर उत्तम. संगणकाला जोडून अपडेट करता येतो का, हेही विचारावे.

कुठलाही स्वस्त रीडर इंजिन आणि उत्सर्जनापलीकडचे फारसे पाहत नाही. कोडचे पहिले अक्षर पी असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक आणि चाकांकडचे, बी म्हणजे बॉडी आणि एअरबॅग, यू म्हणजे भागाभागांतला संवाद. ओबीडी-२ चे बंधन आहे ते उत्सर्जनाशी संबंधित कोडना, म्हणजे मुख्यतः पी च्या गटाला. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, पण त्यांचा दिवा लागला तर साधा रीडर ‘कोड नाही’ म्हणेल. गाडी ठीक आहे असा त्याचा अर्थ नाही, रीडरने तो भाग विचारलाच नाही. एबीएससाठी रीडरवर ‘एबीएस’ असे स्पष्ट लिहिलेले हवे आणि आपल्या कंपनीचे नाव त्याच्या यादीत हवे. एअरबॅगचा दिवा लागला असेल तर सीटखालचे पिवळे कपलरसुद्धा घरी हलवू नये, ते गॅरेजवर सोडावे.

आता वापर. दिवा लागला की पहिल्या पाच मिनिटांत बहुतेकांकडून होते ती चूक म्हणजे कोड पुसणे. दिवा जातो, समाधान मिळते, आणि कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. दिवा लागला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, कूलंटचे तापमान, इंजिनावरचा भार हे सगळे गाडीने जपून ठेवलेले असते. म्हणून आधी इग्निशन चालू, इंजिन बंद असे ठेवून रीडर लावावा. साठलेले कोड, पेंडिंग कोड आणि फ्रीझ फ्रेम या तिन्हींचे फोटो काढावे. मगच पुढचा विचार. समजा पी ०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथले इंधन नीट पेटत नाही. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट ३५ अंश आणि आरपीएम ९०० असेल तर थंड इंजिन उभ्या उभ्या चुकतेय. तेव्हा प्लग, इंजेक्टर, क्वचित व्हॉल्व्ह पाहायचे. तेच कूलंट ९०, आरपीएम ३००० आणि भार ८५ टक्के असेल तर घाटात कॉइल दम सोडतेय असा संशय घ्यावा.

मिसफायरचा तपास घरी होतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर इंजिन थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल कराव्या, कोड पुसावा आणि त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल खराब. पी ०३०२ च राहिला तर आता प्लग बदलून पाहावे, मग इंजेक्टर. सिलिंडर मोजायची सुरुवात आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत बेल्टच्या बाजूने होते, पण रेनोच्या काही इंजिनांत ती फ्लायव्हीलच्या बाजूने आहे. हे न पाहता चांगली कॉइल फेकून दिली जाते. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर हा प्रयोग नंतर. तेव्हा न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असते आणि तो काही किलोमीटरांत वितळू शकतो. वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी.

कोड ही फिर्याद असते, निकाल नव्हे. पी ०४२० आला की कन्व्हर्टर बदला असे सांगणारे खूप भेटतात आणि तो भाग हजारोंच्या घरात जातो. प्रत्यक्षात कोड एवढेच म्हणतो की मागच्या ऑक्सिजन सेन्सरवरून कन्व्हर्टरचे काम कमी दिसते. लाइव्ह डेटामध्ये इंजिन पूर्ण तापल्यावर २५०० आरपीएमला मागच्या सेन्सरचा व्होल्ट पाहावा. तो ०.६ ते ०.७ च्या आसपास शांत असेल तर कन्व्हर्टर अजून जिवंत आहे. पुढच्या सेन्सरसारखाच तो ०.१ ते ०.९ असा वरखाली उड्या मारत असेल तरच संशय पक्का, आणि तेव्हाही आधी सेन्सरच्या पुढच्या जोडात धूर गळतोय का ते पाहावे. पी ०१३५ हा पुढच्या सेन्सरच्या हीटरचा कोड. त्यात सेन्सर मागवण्याआधी फ्यूज पाहावा, मग वायर. आपल्याकडच्या तीन आणि चार सिलिंडरच्या ओळीतल्या इंजिनांना सहसा एकच बँक (सिलिंडरांची ओळ) असते. सेन्सर १ कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर २ नंतरचा. चुकीचा सेन्सर घेऊन येणाऱ्यांची संख्या पाहता हे सांगावेच लागते.

एकाच वेळी सात-आठ कोड, त्यात यू ची रांग, असे दिसले तर घाबरून जाऊ नये. आधी बॅटरी. रीडरमध्येच व्होल्टेज दिसते. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ हवे. नव्या काही गाड्या बॅटरी भरली की चार्जिंग मुद्दाम कमी करतात, त्यांत १२.८ सुद्धा दिसू शकते. मरायला टेकलेल्या बॅटरीवर स्टार्ट मारला की सगळे भाग एकमेकांशी बोलताना चुकतात आणि कोडचा पाऊस पडतो. बॅटरी चार्ज करून, कोड पुसून, पुन्हा येतात ते पाहावे. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उंदीर विसरू नयेत. पार्क केलेल्या गाडीच्या गरम इंजिनावर त्यांची वस्ती होते, वायर कुरतडली जाते आणि चांगल्या सेन्सरचा कोड येतो. कपलरमध्ये हिरवट गंज चढला तरी तेच.

तुटलेली वायर ओळखायची एक हुकमी खूण आहे. कूलंटचे किंवा हवेचे तापमान उणे ४० दिसत असेल तर सर्किट तुटलेले आहे, सेन्सरपर्यंत तार पोहोचत नाही. उलट उभी गाडी १४० अंश दाखवत असेल तर तार कुठेतरी अर्थला चिकटली आहे. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्याआधी कूलंट आणि हवेचे तापमान दोन-चार अंशांच्या फरकाने सारखे हवे. तसे नसेल तर दोघांपैकी एक खोटे बोलतोय. हवेच्या दाबाच्या सेन्सरचीही अशीच परीक्षा आहे. इंजिन बंद, इग्निशन चालू असताना त्याने बाहेरचा दाब दाखवायला हवा. मुंबईत किंवा रत्नागिरीत सुमारे १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६. पुण्यात १०३ किंवा ८० दिसले तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. गरम इंजिन शांत चालू असताना हा आकडा साधारण ३० ते ४० वर येतो. डिझेलच्या कॉमन रेल इंजिनात शांत चालताना रेलचा दाब २५० ते ३५० बारच्या आसपास असतो. ॲप तो किलोपास्कलमध्ये दाखवते, म्हणून शंभराने भागावे.

ज्याच्यासाठी लाइव्ह डेटाला पैसे मोजावेत, तो आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सर पाहून संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो, ते हा आकडा सांगतो. तात्पुरता आणि दीर्घकालीन, दोन्हींची बेरीज उणे १० ते अधिक १० च्या आत असावी. पी ०१७१ म्हणजे ‘मिश्रण पातळ’ हा कोड बहुतेक गाड्यांत बेरीज २० ते २५ च्या पुढे गेल्यावर येतो, म्हणजे दिवा लागण्याआधी महिना-दोन महिने ट्रिम सांगत असते. तपास असा करावा. शांत इंजिनावर ट्रिम १८ आणि २५०० आरपीएमला ४ असेल तर कुठेतरी रबरी पाइप फाटून हवा आत शिरतेय. वेग वाढल्यावर तेवढी हवा नगण्य होते. उलट शांत असताना ठीक आणि चढावर वाढत जात असेल तर गाडीतला इंधनाचा पंप दमलाय, फिल्टर चोंदलाय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. यातले बहुतेक दोष शंभर-दोनशेच्या पाइपने किंवा क्लीनरच्या डब्याने सुटतात.

मुंबई-पुण्याकडे सीएनजी गाड्या इतक्या आहेत की त्यांचे वेगळे सांगायला हवे. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचा संगणक पेट्रोलच्या इंजेक्टरची वेळ घेऊन तिच्यावर आपले गणित करतो. किटचे ट्यूनिंग चुकले की मूळ संगणक ट्रिम ओढत राहतो आणि मग पेट्रोलवरही गाडी अडखळते. मेकॅनिक पेट्रोल इंजेक्टर साफ करत बसतो. त्याऐवजी गाडी गरम करून दहा-पंधरा मिनिटे फक्त पेट्रोलवर चालवावी आणि ट्रिम लिहून ठेवावे, मग तेवढाच वेळ गॅसवर. पेट्रोलवर ३ आणि गॅसवर २० असेल तर किटवाल्याकडे जावे. रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब, गॅसचा फिल्टर आणि ट्यूनिंग हे त्याचे काम. दोन्हीवर २० असेल तर दोष इंजिनाच्या बाजूला आहे. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनेही जुन्या गाड्यांचे ट्रिम चारसहा टक्क्यांनी वर सरकते, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी आणि इंधन जास्त लागते. तेवढ्यासाठी सेन्सर बदलू नये. मात्र आधीच १५ वर असलेली गाडी त्यामुळे दिव्यापर्यंत पोहोचते.

स्टेज ६ च्या डिझेलवाल्यांना एक नाराजीची बातमी आहे. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी किती भरली हा आकडा बहुतेक कंपन्या आपल्या स्वतःच्या पद्धतीने देतात आणि साधा रीडर तो दाखवत नाही. पी २००२ किंवा पी २४६३ आल्यावरच कळते. शहरातल्या शहरात चालणारी गाडी अधूनमधून हमरस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने न्यावी. काजळीची जबरदस्तीने जाळणी करायची असेल तर डीलरचे यंत्र लागते.

जुनी गाडी घेताना हाच रीडर आपली किंमत एका वेळेत वसूल करतो. सौदा करण्याआधी तो लावून ‘कोड पुसल्यानंतरचे अंतर’ आणि ‘पुसल्यानंतर किती वेळा इंजिन तापले’ हे दोन आकडे पाहावे. अंतर १२ किलोमीटर आणि मॉनिटर बहुतेक ‘तयार नाही’ असे दिसले तर विक्रेत्याने सकाळीच दिवा घालवला आहे किंवा बॅटरी काढली आहे. अशी गाडी शंभर किलोमीटर चालवल्याशिवाय घेऊ नये. ओडोमीटर मागे फिरवला आहे का, हे मात्र या रीडरने नक्की कळत नाही.

डोंगल गाडीत कायम खोचून ठेवू नये. १६ नंबरची पिन इग्निशन बंद असतानाही जिवंत असते. साधारण डोंगल ४० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी, गाडीचा स्वतःचा खर्च मिळून, दोन-तीन आठवड्यांत गाडी सुरू करण्यापलीकडे जाते. शिवाय १२३४ सारख्या ठरलेल्या पिनचा डोंगल म्हणजे पार्किंगमधल्या कोणालाही गाडीच्या संगणकाशी जोडायची सोय. रीडर लावला आणि पेटलाच नाही तर सिगारेट लायटरचा फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही एकाच फ्यूजवर असतात आणि ढिला डोंगल वाकडा घुसवताना तोच उडतो.

दुचाकीवाल्यांसाठी एवढेच, की नव्या दुचाकींमध्ये सहा पिनांचे सॉकेट येते. त्यासाठी सहाची सोळा करणारी वेगळी केबल घ्यावी लागते. आणि विजेवरच्या मोटारींना साधा रीडर जवळजवळ निरुपयोगी आहे.

शेवटी एक मागणी, जी परिवहन खाते आणि गॅरेजमालकांच्या संघटना या दोघांनी मनावर घ्यावी. गॅरेजच्या बिलावर ‘स्कॅनिंग’ म्हणून रक्कम लावली जाते, पण कोणता कोड निघाला ते बहुतेक ठिकाणी लिहिलेले नसते. ज्या कामाचे पैसे घेतले त्याचे उत्तर बिलावर असावे: कोडचा क्रमांक, तो साठलेला होता की पेंडिंग, आणि पुसण्याआधी किती किलोमीटर झाले होते. तीन ओळींचे काम आहे. ग्राहकाकडे घरचा रीडर असो वा नसो, दुसऱ्या गॅरेजमध्ये जाताना हातात कागद असेल.

आपला,
मोटार दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
सांगली